कितीजणांना आणि किती वर्षे? : कंपवाताच्या मोजदादीचा इतिहास

कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे, निदान झाले की त्या घरात पहिल्या काही दिवसांत दोन प्रश्न हमखास निघतात. हा आजार कितीजणांना होतो, हा पहिला. तो सर्वांसमक्ष विचारला जातो, कारण त्यामागे 'आपण एकटेच नाही ना' एवढाच दिलासा हवा असतो. दुसरा प्रश्न रुग्णासमोर कोणी काढत नाही. दवाखान्यातून निघताना मुलगा किंवा सून काहीतरी निमित्ताने मागे रेंगाळते आणि डॉक्टरांना हलक्या आवाजात विचारते, 'आता किती वर्षे?'

या दोन्ही प्रश्नांना आज आकड्यांत उत्तरे मिळतात. साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत साधारण एकाला हा आजार असतो, असे पहिल्याचे उत्तर. दुसऱ्याचे उत्तर देताना कोणी 'आयुष्य फारसे कमी होत नाही' असे सांगतो, तर कोणाच्या वाचनात 'मृत्यूचे प्रमाण तिप्पट' असे आलेले असते. दोन्ही विधाने छापील आहेत आणि दोन्हींच्या मागे प्रामाणिक संशोधन आहे. तरीही घरच्या माणसांनी कोणते खरे मानावे? आम्हांला वाटते, याचे उत्तर आकड्यांत नाही, त्यांच्या इतिहासात आहे. प्रत्येक आकडा कोणीतरी, कुठेतरी, कोणत्या तरी काळात मोजलेला असतो. तो काळ विसरला गेला की आकडा भविष्यवाणीसारखा भासू लागतो.

या मोजदादीची सुरुवात अवघ्या सहा माणसांपासून झाली. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये 'शेकिंग पाल्सी'वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. जीवाश्मांचे अभ्यासक आणि १८०७ मध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीचे एक संस्थापक म्हणून त्यांची ख्याती होती. तरुणपणी त्यांनी राजकीय सुधारणांच्या बाजूने टोपणनावाने पत्रकेही लिहिली होती. निबंधातल्या सहा रुग्णांपैकी दोघे त्यांना रस्त्यात सहज भेटलेले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. वाकलेली कंबर, विसावलेल्या हाताचा कंप, चालता चालता पुढे पुढे धावत सुटण्याची ओढ हे सारे त्यांनी जवळजवळ रस्त्यावरच्या निरीक्षणातून टिपले. विखुरलेल्या लक्षणांमागे एकच आजार आहे हे ओळखणे, हे त्यांचे मोठे काम.

मात्र 'कितीजणांना' या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे असणे शक्यच नव्हते. इंग्लंडमध्ये मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली ती १८३७ मध्ये, पार्किन्सन निवर्तल्यानंतर तेरा वर्षांनी. शिवाय ज्या आजाराला नाव नाही तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. 'किती वर्षे' याविषयी मात्र त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. आजार अतिशय सावकाश येतो, इतका की तो नेमका केव्हा सुरू झाला हे रुग्णालाही सांगता येत नाही. पुढे वर्षानुवर्षे तो वाढत जातो आणि अखेरीस माणूस अंथरुणाला खिळतो. शवविच्छेदनाने या आजाराचे मूळ शोधावे, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त करून ठेवली होती.

आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नाव बदलण्यामागे त्यांचा वैद्यकीय आग्रह होता. या आजारात खरा पक्षाघात नसतो आणि प्रत्येक रुग्ण थरथरतोच असेही नाही, म्हणून 'थरथरणारा पक्षाघात' हे जुने नाव दिशाभूल करते, असे त्यांचे म्हणणे. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे रूढ असलेल्या 'कंपवात' या शब्दातही तीच अडचण आहे. कित्येक रुग्णांत कंप नसतोच किंवा अगदी नगण्य असतो. त्यांच्या हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव विरतात, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. कंप नाही म्हणून कंपवात नाही, असा समज झाला की अशा माणसाच्या बाबतीत 'वय झाले' हेच निदान ठरते. मोजणीत सर्वांत आधी निसटतात ती हीच माणसे.

विसाव्या शतकात एका वेगळ्याच साथीने हिशेब गुंतागुंतीचा केला. १९१६-१७ पासून सुमारे दहा वर्षे युरोप-अमेरिकेत निद्राळू मेंदूज्वराची, 'एन्सेफलायटिस लेथार्जिका'ची, साथ फिरत होती. त्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवातासारखीच लक्षणे जडली. त्यांत तरुणही पुष्कळ होते. १९७३ साली आलेल्या ऑलिव्हर सॅक्स यांच्या 'अवेकनिंग्ज' या पुस्तकातले रुग्ण याच साथीचे उरलेले साक्षीदार. साथ ओसरली, तिचे कारण कधीच नीट कळले नाही, पण तिचे रुग्ण दवाखान्यांत येत राहिले आणि मूळच्या कंपवाताच्या रुग्णांत मिसळून गेले.

या सरमिसळीतूनच वैद्यकाच्या इतिहासातले एक विलक्षण भाकीत जन्माला आले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डेव्हिड पॉस्कॅन्झर आणि रॉबर्ट श्वाब यांनी आपल्याकडच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले, की रुग्णांचे सरासरी वय काळाबरोबर सतत वाढत चालले आहे. जणू माणसांचा एकच जथा पुढे सरकतो आहे आणि मागून नवे कोणी येत नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की बहुतेक सर्व कंपवात हा १९२० च्या आसपासच्या त्या संसर्गाचाच परिणाम असावा. तो जथा काळाच्या ओघात संपेल आणि १९८० च्या सुमारास हा आजार मोठा वैद्यकीय प्रश्न म्हणून उरणार नाही. हा सिद्धांत त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडला आणि तो गांभीर्याने घेतलाही गेला.

पुढे काय झाले ते आपण जाणतोच. १९६६ मध्ये दुव्हॉइसिन आणि श्वाइत्झर यांनी इंग्लंड-वेल्समधील १८५५ ते १९६२ या काळातल्या या आजाराच्या मृत्युनोंदी मांडल्या. साथीच्या कितीतरी आधीपासून हा आजार मृत्यूच्या दाखल्यांवर नोंदला जात होता. जो आजार पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिला, त्याला १९२० चा संसर्ग कसा कारण होणार? बॉस्टनच्या त्या दोघांची निरीक्षणे खोटी नव्हती. मात्र त्यांची वही एका रुग्णालयाची होती, आणि रुग्णालयाची वही म्हणजे समाज नव्हे. समाजात म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढत होती, वृद्धांना डॉक्टरकडे नेण्याची रीत वाढत होती, साथीचे तरुण रुग्ण हळूहळू कमी होत होते. या तिन्ही गोष्टींनी सरासरी वय वाढतेच. १९८० साल आले आणि गेले. आजार नाहीसा झाला नाही, उलट तोवर रुग्ण वाढलेच होते.

आता 'किती वर्षे' या प्रश्नाकडे वळू. त्याच्या इतिहासात १९६७ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मार्गारेट होएन आणि मेल्व्हिन यार यांनी ८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराच्या पाच पायऱ्या त्यांनी त्यात ठरवल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. त्याच लेखात मृत्यूचाही हिशेब होता. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत जितके मृत्यू अपेक्षित असतात, त्याच्या २.९ पट मृत्यू त्यांच्या रुग्णांत आढळले. 'तिप्पट'चा उगम तो हा.

याच वर्षी, न्यूयॉर्कजवळच्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेतून जॉर्ज कोट्झियास यांनी १६ रुग्णांवरच्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. डोपा हे द्रव्य अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू मोठ्या मात्रेपर्यंत नेल्यास जखडलेली माणसे पुन्हा हलू-चालू लागतात, असे त्यांनी दाखवले. त्यामागे दहा वर्षांची साखळी होती. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतल्या रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपा देऊन पुन्हा हालते केले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एहरिंगर आणि हॉर्निकिव्हिच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता दाखवली, आणि १९६१ मध्ये तिथेच शिरेतून लेव्होडोपा देण्याचे पहिले प्रयोग झाले. हेच लेव्होडोपा आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतून १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळे केले होते. पुढे ते कशाच्या कामी येणार आहे याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

म्हणजे 'तिप्पट' हा आकडा ज्या वर्षी छापला गेला, त्याच वर्षी तो जुना होण्यास सुरुवात झाली. होएन-यार यांचे रुग्ण लेव्होडोपापूर्व काळातले होते. त्यांच्यात आणखीही एक गोम होती. कंपवातासारखे दिसणारे, पण त्याहून झपाट्याने वाढणारे काही वेगळे आजार आहेत. त्यांपैकी एकाचे, 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी'चे, सविस्तर वर्णन १९६४ मध्ये झाले. त्याआधीच्या नोंदींत असे रुग्ण कंपवाताच्याच यादीत बसत असणार, आणि त्यांचे लवकर ओढवणारे मृत्यूही त्याच खात्यावर पडत असणार.

'तिप्पट मृत्यू' म्हणजे काय, हेही इथे स्पष्ट करायला हवे, कारण घरच्यांच्या मनात ते 'आयुष्य एक तृतीयांश' असे उतरते. तसे ते नसते. समजा, एखाद्या वयाच्या शंभर माणसांत वर्षाला दोघे दगावतात. मग तिप्पट म्हणजे सहा. उरलेले चौऱ्याण्णव त्या वर्षी जगतातच. वर्षामागून वर्ष हा फरक साठत जातो आणि त्यातून आयुर्मान घटते हे खरे, पण ते तीन भागांतल्या एका भागावर येत नाही.

लेव्होडोपानंतर गुणोत्तर खाली आले. पहिल्या काही वर्षांत तर ते जवळजवळ सामान्य झाल्याचे अहवाल येऊ लागले आणि आजाराची मृत्यूवरची पकड सुटली असे वाटू लागले. तो आनंद थोडा घाईचा होता. सिडनीतील एका गटाने नव्याने निदान झालेल्या १३६ रुग्णांचा चिकाटीने वीस वर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांनी मृत्यूचे गुणोत्तर १.५८ होते, पंधरा वर्षांनी १.८६, आणि वीस वर्षांनी ३.१. वीस वर्षांनंतर जे हयात होते, त्यांतल्या बहुसंख्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले होते. औषधाने हालचाल परत दिली, वर्षे दिली, पण मेंदूतली झीज थांबवली नाही. म्हणूनच पाच वर्षांचा अभ्यास दिलासा देतो आणि वीस वर्षांचा धास्ती. दोन्ही अभ्यास एकाच आजाराच्या निरनिराळ्या टप्प्यांवरून बोलत असतात. २०१४ मध्ये मॅक्लिऑड आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र केले. त्यांत गुणोत्तरे ०.९ पासून ३.८ पर्यंत पसरलेली होती. निदानापासूनच पाठपुरावा केलेल्या अभ्यासांची एकत्रित सरासरी सुमारे १.५ निघाली.

गुणोत्तराचे वर्षांत रूपांतर करणारा एक अभ्यास ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. आजार पंचवीस ते एकोणचाळीस या वयात सुरू झाला, तर सरासरी ३८ वर्षे पुढे मिळतात, त्या वयाच्या इतरांना ४९. चाळीस ते चौसष्टमध्ये सुरू झाला तर २१, इतरांना ३१. पासष्टीनंतर सुरू झाला तर ५, इतरांना ९. या आकड्यांत दोन्ही बाजू आहेत. चाळिशीत निदान झालेल्या माणसाची दहा वर्षे जातात, ही काही थोडी हानी नव्हे. पण त्याच्यापुढे सरासरी वीस वर्षे असतात, हेही तितकेच खरे. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांचे निदान १९८४ मध्ये झाले आणि २०१६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते गेले. मधे बत्तीस वर्षे होती.

सरासरीच्या आतही माणसे सारखी नसतात. स्वीडनच्या उमिओ येथील २०१८ च्या अभ्यासात असे दिसले, की निदानाच्या वेळी ज्यांची बुद्धी-स्मृती शाबूत होती त्यांचे आयुर्मान जवळजवळ सर्वसामान्यांइतकेच राहिले. ज्यांच्यात सुरुवातीपासूनच बौद्धिक घसरण होती त्यांचे बरेच घटले. म्हणजे दाराबाहेर हलक्या आवाजात विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर 'कंपवात' या एका शब्दावरून देताच येत नाही. शिवाय मृत्यू बहुधा थेट या आजाराने येत नाही. गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, तोल जाऊन पडणे, मांडीचे हाड मोडणे अशा वाटांनी तो येतो. यांतल्या काही वाटा अडवता येतात, निदान अरुंद करता येतात. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र पुष्कळदा न्यूमोनियाच लिहिला जातो आणि कंपवात पुन्हा एकदा मोजणीतून निसटतो.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. 'कितीजणांना' हे रुग्णालयात बसून कळत नाही हा बॉस्टनचा धडा होता. त्यावर उपाय एकच, घरोघर जाणे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या कोपाया परगण्यात ब्रूस शोएनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तसे केले. चाळिशीपुढच्या लोकांत त्यांना ३१ रुग्ण सापडले. त्यांतल्या १३ जणांना आपल्याला हा आजार आहे हे तोवर ठाऊकच नव्हते. इतक्या श्रीमंत देशातही शंभरातले बेचाळीस रुग्ण कोणत्याही वहीत नव्हते.

याच शोएनबर्ग यांच्या सहकार्याने नादिर भरुचा, एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १४,०१० लोकांत ४६ रुग्ण, म्हणजे लाखाला ३२८. जगातल्या तोवरच्या मोठ्या आकड्यांपैकी हा एक होता. साधारण त्याच सुमारास, १९८६ मध्ये, दक्षिण काश्मीरच्या कुठार खोऱ्यातल्या ग्रामीण पाहणीत ६३,६४५ लोकांत लाखाला अवघे १४ रुग्ण आढळले. एकाच देशात, एकाच दशकात, तेवीसपट अंतर!

हे अंतर पाहून वंश, हवापाणी, आहार अशी कारणे झटकन सुचतात, आणि त्यांना अजिबात जागा नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आधी वय पाहिले पाहिजे. पारशी समाज हा भारतातला सर्वांत वृद्ध समाज. २००१ च्या जनगणनेनुसार त्यांच्यातले सुमारे ३१ टक्के लोक साठीपुढचे होते, तर देशात ते प्रमाण सातएक टक्के होते. कंपवात हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार. जिथे म्हातारी माणसे जास्त तिथे तो जास्त दिसणारच. काश्मीरच्या त्याच पाहणीत केवळ साठीपुढच्यांचा हिशेब केला, तेव्हा लाखाला २४७ असे प्रमाण निघाले. चौदाचे दोनशे सत्तेचाळीस झाले ते केवळ छेद बदलल्यामुळे. खोऱ्यात आजार दुर्मीळ होता त्याहून अधिक म्हातारपण दुर्मीळ होते.

हा धडा मोठ्या पटावरही लागू होतो. जागतिक अंदाजानुसार १९९० मध्ये सुमारे २५ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ६१ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साठी ८५ लाखांहून अधिक असा आकडा दिला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०५० साठी अडीच कोटींचा अंदाज वर्तवला आणि त्या वाढीचा बहुतांश भाग लोकसंख्येच्या वार्धक्याला दिला. पण सगळाच भाग वयाचा नाही. वयाचा फरक वजा करूनही १९९० ते २०१६ या काळात प्रमाण सुमारे बावीस टक्क्यांनी वाढले. त्यात चांगल्या निदानाचा वाटा असेल, कीटकनाशके आणि औद्योगिक द्रावके यांचा असेल, आणि आणखी एका गोष्टीचाही आहे. रुग्ण आता अधिक वर्षे जगतात. कोणत्याही दिवशी समाजात किती रुग्ण आहेत हे दोन गोष्टींवर ठरते, दरवर्षी नवे किती होतात आणि झालेले किती वर्षे जगतात. आयुष्य दुप्पट लांबले तर नवा एकही रुग्ण न वाढता एकूण संख्या दुप्पट होते. आरंभी वेगळे वाटलेले ते दोन प्रश्न इथे एकमेकांत मिसळतात. वाढत्या आकड्याचा काही अंश हा आजाराचा विजय नसून औषधाचा आहे.

पॉस्कॅन्झर आणि श्वाब यांच्या फसलेल्या भाकिताची आठवण ठेवून २०५० च्या आकड्याकडेही आपण थोडे सबुरीने पाहावे. मात्र आपल्यापुरती एक गोष्ट भाकिताची नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे लोक साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते, आणि या शतकाच्या मध्यावर दर पाच जणांत एक साठीपुढचा असेल असा अंदाज आहे. ही माणसे आज जन्मलेली आहेत, चाळिशी-पन्नाशीत आहेत. काल जी स्थिती मुंबईच्या पारशी वसाहतींत होती, तिच्या दिशेने सारा देश चालला आहे.

अशा वेळी खेड्यातल्या घरात एखादे आजोबा दिवसेंदिवस वाकत जातात, ताटातला घास तोंडाशी न्यायला त्यांना वेळ लागतो, हाक मारली तर 'ओ' उशिरा येते, आणि घरचे मायेनेच म्हणतात, वय झाले आता. वय झालेले असतेच. पण कित्येकदा त्याबरोबर आणखीही काही असते, ज्यावर १९६७ पासून औषध आहे. त्या औषधाने त्यांना आपल्या हाताने जेवता येईल, अंगणापर्यंत चालत जाता येईल, आणि कदाचित काही वर्षेही वाढतील. हॉक्स्टनच्या रस्त्यावर एका वैद्याने वाटेतल्या अनोळखी माणसाच्या चालण्याकडे थांबून पाहिले, तेव्हा या आजाराची मोजणी सुरू झाली. तसे थांबून पाहणे आपल्या घरातही अजून व्हायचे आहे.